कोसॅक स्वार की आदिमानव? ड्युसेलच्या खोऱ्यातला रचलेला इतिहास

अद्भुतरम्य कादंबऱ्यांमध्ये हरवलेल्या वसाहतीला मोठा मान असतो. पडके बुरूज, न उलगडणारी लिपी, एका रात्रीत नाहीशी झालेली माणसे आणि या सगळ्यामागचा शेकडो वर्षांचा इतिहास लेखक मनाने रचतो. अवशेष त्यानेच ठेवलेले असतात आणि त्यांचा अर्थही तोच लावतो, त्यामुळे त्याला कोणी खोटे पाडू शकत नाही. खऱ्या जगातही हरवलेल्या मानवसमूहांचे असे इतिहास रचले गेले आणि विद्वानांनी ते गांभीर्याने मांडले. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण ड्युसेलडॉर्फच्या वेशीजवळ आहे. शहराला जिचे नाव मिळाले ती ड्युसेल नदी शहरात शिरण्याआधी निअँडर खोऱ्यातून वाहते. या खोऱ्याच्या कहाणीतून एक गोष्ट स्पष्ट होते. पुरावा कमी असतो म्हणून काल्पनिक इतिहास तग धरतो, असे आपण समजतो. प्रत्यक्षात पुराव्याची जागा नष्ट होते, तेव्हा त्याचे खरे फावते.

सतराव्या शतकात ड्युसेलडॉर्फच्या लॅटिन शाळेचे प्रमुख असलेले स्तोत्रकार योआखिम निआंडर या घळीत रमत, म्हणून पुढे तिला त्यांचे नाव मिळाले. एकोणिसाव्या शतकात ड्युसेलडॉर्फचे चित्रकार तिथले कडे रंगवीत होते आणि त्याच काळात चुनखडीच्या खाणी तेच कडे पोखरत होत्या. १८५६च्या ऑगस्टमध्ये कड्यातल्या ‘क्लाइनं फेल्डहोफर ग्रोटं’ नावाच्या लहान गुहेत मजूर कामाला लागले. दगडाला हात घालण्याआधी आतली घट्ट माती उकरून खाली खोऱ्यात लोटायची, अशी कामाची रीत होती. त्या मातीत हाडे निघाली. ती गुहेतल्या अस्वलाची असावीत असे वाटून सोळा मोठे तुकडे बाजूला काढले गेले आणि एल्बरफेल्डचे शिक्षक योहान कार्ल फुलरॉट यांच्याकडे पोहोचले. ही हाडे माणसाची, पण आजच्या माणसाहून वेगळी आणि फार प्राचीन आहेत, हे त्यांनी ओळखले. बॉनचे शरीरशास्त्रज्ञ हर्मान शाफहाउझेन यांनी त्यांना साथ दिली. मात्र ती कोणत्या थरात होती, शेजारी कोणत्या प्राण्यांची हाडे वा दगडी हत्यारे होती, याची नोंद झालीच नव्हती. पुढे गुहाही खाणीने गिळली.

मग तर्कांना ऊत आला. बॉनचेच आउगुस्ट फ्रान्झ मायर यांनी १८६४मध्ये एक कथाच उभी केली. नेपोलियनचा पाठलाग करत १८१४मध्ये आलेल्या रशियन फौजेतला एक कोसॅक स्वार आजारी पडून गुहेत शिरला आणि तिथेच मेला. मांडीची हाडे वाकली ती मुडदूस आणि घोडेस्वारी यांमुळे. त्याच वर्षी विल्यम किंग यांनी या हाडांवरून ‘होमो निअँडरथलेन्सिस’ ही स्वतंत्र जाती जाहीर केली. १८७२मध्ये रुडॉल्फ फिर्शो यांनी मात्र कवटीची ठेवण विकृतीमुळे झाल्याचा निर्वाळा दिला. फिर्शो त्या काळातले अव्वल दर्जाचे विकृतिशास्त्रज्ञ होते, मायरही अडाणी नव्हते. पण थराचा आधार नसलेल्या हाडांवर कोणतीही कथा बसू शकत होती आणि कोणतीही खोडता येत नव्हती. हा पेच १८८६मध्ये बेल्जियममधल्या स्पी इथल्या गुहेने सोडवला. तिथे तशाच ठेवणीचे दोन सांगाडे नामशेष प्राण्यांची हाडे आणि दगडी हत्यारे यांच्यासह जमिनीच्या थरांतच मिळाले. कोसॅकाला तिथे जागा उरली नाही.

यावर एक रास्त आक्षेप येतो. १९०८मध्ये फ्रान्समधल्या ला शापेल-ओ-सँ इथे जवळजवळ पूर्ण सांगाडा खड्ड्यात पुरलेल्या स्थितीत मिळाला. जागा शाबूत असूनही मार्सलाँ बूल यांनी त्यावरून पोक काढून, गुडघे वाकवून चालणारा पशुवत प्राणी उभा केला. त्याचीच छाया साहित्यावर पडली, एच. जी. वेल्स यांच्या १९२१च्या कथेतले निअँडरथल भीषण आहेत. मग जागा जपून काय साधले? दुरुस्तीची वाट मोकळी राहिली, हे साधले. १९५७मध्ये स्ट्रॉस आणि केव्ह यांनी तोच सांगाडा पुन्हा तपासला. तो संधिवाताने जर्जर झालेल्या माणसाचा आहे आणि निरोगी निअँडरथल ताठ चालत असावा, असे त्यांनी दाखवले. जपलेला पुरावा चूक टाळतोच असे नाही, पण चूक पकडता येईल अशी सोय ठेवतो.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. १९९७मध्ये स्वान्ते पेबो यांच्या गटाने १८५६च्या त्याच हाडातून डीएनए मिळवला. थर ठाऊक नसल्याने काही अडले नाही. हे खरे आहे. पण डीएनए नाते सांगतो, जगणे सांगत नाही. त्यासाठी जागाच लागते आणि ती त्याच वर्षी सापडली. राल्फ श्मिट्झ आणि युर्गन थिसेन यांनी जुन्या कागदपत्रांवरून माग काढत गुहेतून खाली लोटलेली माती शोधून काढली. १९९७ आणि २०००च्या उत्खननांत त्यातून दगडी हत्यारे, प्राण्यांची हाडे आणि मानवी हाडांचे तुकडे मिळाले. एक तुकडा १८५६च्या डाव्या मांडीच्या हाडाला गुडघ्यापाशी तंतोतंत जुळला, गालाच्या हाडाचा एक तुकडा कवटीला. काही हाडे दुसऱ्याच व्यक्तीची निघाली, म्हणजे गुहेत एकटादुकटा स्वार नव्हता. काळ निघाला सुमारे ४० हजार वर्षांपूर्वीचा. तरीही ती ढवळलेली माती होती. कोणते हत्यार कोणत्या हाडाशेजारी होते, हे आता कधीच कळणार नाही.

कल्पनेला इतिहासात मज्जावच करायचा का? मुळीच नाही. फुलरॉट यांनीही आधी कल्पनाच केली. विल्यम गोल्डिंग यांनी १९५५च्या कादंबरीत निअँडरथलांच्या नजरेतून जग पाहिले, तेव्हा वेल्सच्या राक्षसाला माणूसपण मिळाले. फरक इतकाच, की कादंबरीकाराची कल्पना स्वतःशी सुसंगत असली की पुरे, इतिहासकाराच्या कल्पनेला पुराव्यापुढे हरण्याची तयारी हवी. ही जबाबदारी फक्त जर्मनांची नाही. गंभीर कोविडचा धोका वाढवणारा, निअँडरथलांकडून आलेला एक जनुकखंड दक्षिण आशियातल्या सुमारे निम्म्या लोकांत आहे, हे २०२०मध्ये पेबो आणि ह्यूगो झेबर्ग यांनी दाखवले. ज्यांना परके ठरवले, त्यांचा वारसा आपल्याही शरीरात आहे.

आणि कोकणात आपल्यासमोर तसाच प्रसंग आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यांवर, कशेळीच्या भव्य हत्तीपासून बारसूच्या आकृत्यांपर्यंत, कातळशिल्पे पसरली आहेत. ती कोरणाऱ्यांची वस्ती हरवली आहे. २०२२पासून ही शिल्पे युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. पण नुसत्या आकृतीभोवती कुंपण घालून भागणार नाही. भोवतालचा सडा, जवळचे पाणवठे, गुहा, मातीत दडलेली दगडी हत्यारे हे सगळे मिळून पुरावा होतो. जांभ्याच्या खाणी, रस्ते आणि प्रकल्प यांची आखणी होण्याआधी त्याची नोंद आणि राखण व्हायला हवी. नाहीतर ती शिल्पे कोरणाऱ्यांविषयी कोणीही काहीही सांगेल आणि ते खोडून काढायला आपल्या हाती काही उरणार नाही.