गाडीच्या एसीत गॅस भरण्याआधी

जून आला की जर्मनीतल्या आपल्या मंडळींत तक्रार सुरू होते: गाडीचा एसी गार करत नाही. “गॅस भरून घ्या,” हा सल्ला अपुरा आहे. हा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, बंद नळ्यांतच फिरतो. कमी झाला म्हणजे कुठूनतरी झिरपला. जास्त गळती असेल तर ती दुरुस्त केल्याशिवाय गॅस भरायला युरोपीय नियमांत मनाई आहे.

बॉनेटखालचं लेबल वाचा. जुन्या गाडीत आर-१३४ए असतो. त्याचा एक किलो हवेत सुटला तर शंभर वर्षांच्या हिशेबात १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. २०१७ पासून नव्या गाड्यांसाठी ही मर्यादा १५० आहे, म्हणून आर-१२३४वायएफ आला. २०१२ मध्ये डाइमलरच्या चाचणीत तो गरम इंजिनावर पेटला. पुढे काही मर्सिडीजमध्ये चक्क कार्बन डायऑक्साइडच भरला गेला!

मला मात्र दुसरीच गोष्ट खुपते. हा रेणू हवेत काही दिवसांत मोडतो आणि त्यातून बनलेलं ट्रायफ्लुओरोअ‍ॅसिटिक आम्ल पावसाबरोबर खाली येतं. ते निसर्गात जवळजवळ विघटित होत नाही. तेव्हा घरी डबा आणून भरू नका. वर्कशॉपमधलं मशीन उरलेला गॅस ओढून घेतं, निर्वात करून गळती तपासतं आणि लेबलवर लिहिलेत तेवढेच ग्रॅम भरतं.