जुन्या मोटारीचें नवें वेष्टन

जून महिन्यांत नवीं पुस्तकें हातीं आलीं म्हणजे तुम्ही त्यांस खाकी कागदाचें वेष्टन घालतां. जो कोपरा घाईनें दुमडला जातो तो वर्षभर फुगून राहतो, आणि पुठ्ठ्यावर एखादा वाळूचा कण राहून गेला तर तो वेष्टनावरूनही बोटास लागतो. मोटारीच्या बाबतींत हल्लीं असेंच एक काम निघालें आहे. गाडीचा रंग विटला म्हणजे ती रंगाऱ्याकडे न नेतां तिच्या सर्वांगास व्हिनाइलची रंगीत फिल्म चिकटवावयाची. बाजारांत यास ‘रॅप’ म्हणतात. कारागिराकडून करवून घेतल्यास खर्च पुष्कळ होतो, म्हणून कित्येक गृहस्थ हें काम घरींच करूं पाहतात. तें कोणत्या गाडीस साधतें व कोठें फसतें, याचा विचार आज करूं.

व्हिनाइल म्हणजे कांहीं अपूर्व वस्तु नव्हे. घरांतील पाण्याचे नळ ज्या पी. व्ही. सी. चे असतात तोच हा पदार्थ. मग नळ काठीसारखा ताठ आणि फिल्म कापडासारखी मऊ, हें कसें? इ. स. १९२६ मध्यें अमेरिकेंतील बी. एफ. गुडरिच या रबराच्या कंपनींत वाल्डो सेमन नांवाचा रसायनशास्त्रज्ञ पी. व्ही. सी. द्रावकांत तापवून पाहत होता. त्या खटपटींत त्यास हा ताठ पदार्थ रबरासारखा लवचिक होतो असें आढळलें. अशा मऊपणा आणणाऱ्या द्रव्यास प्लॅस्टिसायझर म्हणतात. पी. व्ही. सी. च्या रेणूंच्या लांब सांखळ्यांमध्यें शिरून तें त्यांस एकमेकींवरून सरकूं देतें. उन्हातान्हांत वर्षें लोटलीं म्हणजे हें द्रव्य हळूहळू निघून जातें आणि फिल्म पुन्हां ताठ होऊन तडकूं लागते. दुचाकींवर नांवें कापून लावणारा ‘रेडियमवाला’ जी फिल्म वापरतो तीही बहुधा याच कुळांतली. तींत रेडियम धातूचा लवलेशही नसतो. लोकांनीं तें नांव कां दिलें हा भाषेच्या शिक्षकांचा विषय आहे.

ही फिल्म तयार करण्याच्या दोन रीति आहेत, आणि गिऱ्हाइकाचे पैसे वांचतील कीं बुडतील हें पुष्कळ अंशीं त्यांवरच ठरतें. एका रींतींत मऊ केलेला लगदा तापलेल्या रुळांमधून पोळीसारखा लाटतात. दुसऱ्या रींतींत पातळ मिश्रण कागदावर धिरड्यासारखें ओतून भट्टींत भाजतात. पोळी लाटतांना ती पुन्हां आखडूं पाहते हें आपल्या मातांस ठाऊक आहे. लाटलेल्या फिल्मचेंही तसेंच. तिच्यांत ताण दडून राहतो, ऊन लागलें कीं ती आकसते, आणि कडेचा गोंद उघडा पडून त्यावर धूळ बसते. ओतलेल्या फिल्ममध्यें असा ताण फारसा नसतो, म्हणून ती गाडीच्या वळणांवर व खांचांत नीट बसते. ती सुमारें ५० मायक्रॉन जाड असून गोंद धरून ८० ते ९० मायक्रॉन भरते, म्हणजे वहीच्या कागदाहून जाड नाहीं. लाटलेली फिल्म स्वस्त असते. सपाट पाटीस ती पुरेशी आहे. पण सबंध गाडीसाठीं ती घेणें हा खोटा काटकसरीपणा होय.

आतां कोणी विचारील कीं, घरींच फवाऱ्यानें रंग कां देऊं नये? आमच्या मतें या कामाचें खरें समर्थन या प्रश्नाच्या उत्तरांतच आहे. मोटारीस देतात त्या दोन द्रव्यें मिसळून वापरावयाच्या पॉलियुरेथेन रंगांत आयसोसायनेट नांवाचें द्रव्य असतें. त्याचा बारीक फवारा श्वासावाटे फुप्फुसांत गेला तर दमा जडतो, आणि एकदां शरीरास त्याची बाधा झाली कीं पुढें अगदीं थोड्या अंशानेंही धाप लागते. नाकास रुमाल बांधून हें टळत नाहीं. ज्या अंगणांत मुलें खेळतात व शेजारच्या खिडक्या उघड्या असतात तेथें असा फवारा उडवणें कोणाही पालकास परवडणारें नाहीं. फिल्म लावतांना हा धोका नाहीं. काम सोपें म्हणून नव्हे, तर निरुपद्रवी म्हणून तें घरीं करण्याजोगें आहे.

परंतु एक गोष्ट पक्की ध्यानांत धरावी. फिल्म झांकते, दुरुस्त करीत नाहीं. ओल धरलेल्या भिंतीवर चुना फांसला म्हणजे ओल जात नाहीं, तसाच पत्र्याचा गंज फिल्मखालीं जात नाहीं. तो आंतल्या आंत वाढतो आणि दिसत मात्र नाहीं. म्हणून प्रथम दारांच्या खालच्या कडा, चाकांवरील कमानी व डिकीची चौकट तपासावी. पत्रा फुगलेला दिसेल तेथें आधीं गंज खरवडून, अस्तर देऊन, रंगारी जिला ‘लांबी’ म्हणतात ती पुट्टी भरून, घांसून गुळगुळीत करणें प्राप्त आहे, आणि त्यावर रंगाचा हातही दिलाच पाहिजे, कारण फिल्मचा गोंद उघड्या पुट्टीस धरत नाहीं. नंतर रंगाची परीक्षा घ्यावी. चांगली चिकटपट्टी रंगावर घट्ट दाबून झटक्यानें ओढावी. तिच्याबरोबर रंगाचे पापुद्रे आले तर ती गाडी या कामास योग्य नव्हे. ज्या रंगाचाच पत्र्यावरील आधार सुटला आहे, त्यास चिकटलेल्या फिल्मचा काय भरंवसा!

उदाहरणादाखल मारुति ८०० ही गाडी घेऊं. १९८३ च्या डिसेंबरांत तिची विक्री सुरू झाली आणि २०१४ सालीं तिचें उत्पादन थांबलें. पुष्कळ घरांत ती कुटुंबाची पहिलीच मोटार होती. विकण्यास मन होत नाहीं आणि बाजारांत मोलही फारसें येत नाहीं, अशी तिची अवस्था असते. तिची लांबी ३.३ मीटरहून किंचित् अधिक. फिल्मचा ताका १.५२ मीटर रुंद मिळतो. दोन्ही बाजूंस मिळून सुमारें ७ मीटर, छत, बॉनेट व डिकी यांस ४ मीटर, आणि दोन्ही बंपरांस ३ मीटर धरले तर १४ मीटर होतात; हात बसलेला नसेल त्यानें एक-दोन मीटर अधिक घ्यावेत. हा हिशेब मुलांनीं स्वतः टेपनें मोजून करावा.

काम दोघांचें आहे, एकट्याचें नव्हे. गाडी धुऊन, डांबराचे ठिपके व मेणाचा थर काढून, शेवटीं आयसोप्रोपिल अल्कोहोलनें पुसून घ्यावी. दारांच्या कडा व दिव्यांभोंवतालच्या फटी यांत मळ हटकून राहतो, आणि फिल्म सुटते ती तेथूनच. या तयारीस सबंध दिवस लागला तर तो वायां गेला असें समजूं नये. दिवे, दारांच्या मुठी व कंपनीचें चिन्ह शक्य तितकें काढून ठेवावें. स्थळ सावलीचें व निवाऱ्याचें असावें; २० ते २५ अंश उष्णमान उत्तम. आपल्याकडे हिंवाळ्यांतील सकाळ यास सोईची. वैशाखांत पत्रा इतका तापतो कीं गोंद स्पर्श होतांच धरतो, फिल्म पुन्हां उचलवत नाहीं. पावसाळ्यांत फटींतील ओल वाळत नाहीं.

पहिला हात दारासारख्या सपाट भागावर बसवावा, बंपर अगदीं शेवटीं घ्यावा. दोघांनीं फिल्म चारी कोपऱ्यांस धरून अलगद टेकवावी, आणि नमदा लावलेल्या पट्टीनें मध्यापासून कडेकडे, एकावर एक येणाऱ्या फटकाऱ्यांनीं दाबीत जावें. चांगल्या फिल्मच्या गोंदांत बारीक नाळ्या असतात. त्यांतून हवा निघून जाते, म्हणून पाणी शिंपडण्याची गरज नसते. सुरकुती आली तर दाबून मोडूं नये. फिल्म उचलावी, हीट गननें थोडी ऊब द्यावी म्हणजे सुरकुती आपोआप निवळते. फार ताणल्यास मात्र रंग फिका दिसतो. जेथें खोल वळणांत ताणावेंच लागलें असेल तेथें शेवटीं सुमारें ९० ते ११० अंशांपर्यंत तापवून घ्यावें. त्यानें फिल्म आपला मूळ सपाट आकार जणूं विसरते. हें शेवटचें तापवणें जो टाळतो त्याच्या खांचांतील फिल्म आठ-पंधरा दिवसांत उठून येते. हीट गन हें खेळणें नव्हे, तें मोठ्या माणसाच्याच हातीं असावें.

कडा कापतांना सुरी पत्र्यावर टेकवूं नये. रंगावर पडलेली केसाएवढी चीर पुढें गंजाचें बीज होते. याकरितां दोरा असलेली एक चिकटपट्टी मिळते. ती आधीं लावून वरून फिल्म बसवावी आणि दोरा ओढावा, म्हणजे फिल्म कापली जाते व रंगास इजा होत नाहीं.

कायद्याचाही विचार हवा. गाडीचा रंग नोंदणीपत्रांत लिहिलेला असतो. तो बदलावयाचा तर परिवहन कार्यालयांतून नोंद बदलून घ्यावी व विमा कंपनीस कळवावें. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणें लष्करी हिरवा रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांपुरताच राखलेला आहे, हें त्या रंगाची हौस असणाऱ्या मुलांनीं विसरूं नये. पूर्वीचाच रंग घेतला तर हा खटाटोप उरत नाहीं.

चांगली फिल्म उभ्या भागांवर पांच-सात वर्षें राहते. छत व बॉनेट यांवर ऊन थेट पडत असल्यामुळें तेथें ती बरीच आधीं उतरवावी लागते. जर्मनींतील टॅक्सीवाले या उतरवण्याचाच लाभ घेतात. तेथें टॅक्सीचा ठराविक रंग फिकट हस्तिदंती. म्हणून ते दुसऱ्या रंगाची गाडी घेऊन तीस हस्तिदंती फिल्म लावतात, आणि गाडी विकतांना ती सोलून काढून खालचा जपलेला रंग गिऱ्हाइकास दाखवितात. उतरवतांना फिल्म किंचित् तापवून, पत्र्याशीं लहान कोन ठेवून, सावकाश मागें ओढावी. तडकूं लागेपर्यंत तशीच ठेवली तर तिचे नखाएवढे तुकडे निघतात, गोंद पत्र्यावरच राहतो, आणि तो काढण्यास फिल्म लावण्याहून अधिक दिवस मोडतात.