सगळं स्टीलचं करून टाकू का? (आर.सी. ट्रकच्या गेअरबद्दल थोडं)

हॉस्टेलच्या मागच्या मैदानावर संध्याकाळी धुरळा का उडतो, हे आता वॉचमनकाकांपासून रेक्टर सरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. एक-पंचमांश मापाचा, १२ किलो वजनाचा, बॅटरीवर चालणारा आपला रेडिओ-कंट्रोल ट्रक. गेल्या सेमिस्टरमध्ये त्याच्या चार स्पर गेअरचे दात उडाले आणि दर वेळी मेसच्या टेबलावर एकच ठराव पास झाला : "सगळं स्टीलचं करून टाका." हा लेख त्या ठरावाच्या विरोधात आहे. निदान अर्ध्या विरोधात.

आधी ताकद कुठून कुठे जाते ते बघू. मोटरच्या शाफ्टवर १८ दातांचा स्टीलचा पिनियन आहे. तो ५४ दातांच्या नायलॉनच्या स्पर गेअरला फिरवतो. तिथून मधला शाफ्ट पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलकडे जातो आणि तिथली क्राऊन-पिनियनची जोडी वेग आणखी साडेतीनपट कमी करते. म्हणजे मोटर साडेदहा वेळा फिरली की चाक एकदा फिरतं. (माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटचं, त्यामुळे 'दंतचक्र' हा शब्द मला इथे येऊन कळला. वर्कशॉपमधले सर गेअरच म्हणतात, मीही तेच लिहिणार.)

आता हिशोब. घाबरू नका, दहावीचंच गणित आहे. ट्रकचं वजन साधारण ११८ न्यूटन. टायरची पकड ०.९ धरली, तर चारही चाकं मिळून जमिनीला जास्तीत जास्त १०६ न्यूटनने ढकलू शकतात. त्याहून जास्त जोर लावला की चाकं नुसती घसरतात. चाकाची त्रिज्या १० सेंटीमीटर, म्हणजे टॉर्क १०.६ न्यूटन-मीटर. साडेतीनने भागलं की मधल्या शाफ्टवर ३. आपला स्पर दीड मॉड्यूलचा, ८१ मिलिमीटर व्यासाचा, म्हणून त्याच्या दातावर जोर येतो फक्त ७५ न्यूटन.

एवढ्याने दात मोडेल का? १८९२ साली विल्फ्रेड लुईस या अमेरिकन इंजिनिअरने दात म्हणजे भिंतीतून बाहेर आलेला छोटा छज्जा आहे असं मानून त्याच्या बुडाशी किती ताण येतो याचं सूत्र मांडलं. थर्ड इयरवाल्यांनी ते भंडारी सरांच्या 'डिझाइन ऑफ मशीन एलिमेंट्स' मध्ये घोकलेलं असेलच. दाताची रुंदी ८ मिलिमीटर धरून ताण येतो सुमारे १५ मेगापास्कल. कोरडं नायलॉन तुटतं ८० च्या आसपास. त्याचा तिसरा हिस्सा सुरक्षित धरला तरी २६. म्हणजे सरळ चालताना नायलॉनचा दात अगदी आरामात आहे.

मग चार स्पर गेले कसे? उडीमुळे. ट्रक हवेत असताना बोट ट्रिगरवरच असतं, चाकं मोकळी असल्यामुळे भन्नाट फिरतात आणि मग ट्रक आदळतो. त्या क्षणी टायरवर वजनाच्या कित्येक पट भार येतो, पकड तेवढीच वाढते आणि चाक जागच्या जागी थांबायला बघतं. मोटरचा रोटर मात्र थांबायला तयार नसतो. गंमत म्हणजे चाकाच्या बाजूने पाहिलं तर रोटरचं जडत्व रिडक्शनच्या वर्गाने मोठं दिसतं. १०.५ चा वर्ग ११०. मुठीत मावणारा रोटर, पण चाकाला तो ११० पट जड फ्लायव्हील वाटतो! या दोघांच्या भांडणात मधला दात जातो.

इथपर्यंत प्रश्न पैशांचा होता. पुढचा जास्त गंभीर आहे आणि मेसमध्ये त्यावर कोणी बोलत नाही. आपल्या ट्रकला वेगळा ब्रेक नाही. ब्रेक मोटरच लावते आणि तोही गेअरमधूनच चाकापर्यंत पोचतो. स्परचे दात गेले की ब्रेकही गेला. १२ किलोचा ट्रक ताशी ४० किलोमीटरने जात असेल तर त्यात साधारण ७४० ज्यूल ऊर्जा असते. ५० किलोचं सिमेंटचं पोतं दीड मीटरवरून खाली टाकलं तर जेवढी असते तेवढी. आणि मैदानाच्या कडेला बसून चहा पिणारे आपणच असतो.

म्हणून स्टील लावावं, असं वाटणं साहजिक आहे. पण धक्का स्टीलने नाहीसा होत नाही, तो पुढच्या कमजोर जागी जातो. हे मला पुस्तकाआधी गावाकडे कळलं. माझं गाव ब्राह्मणपुरी, शहादा तालुका. काळी जमीन, कापूस, ऊस, पपई. कापूस निघाला की शेतात रोटाव्हेटर फिरतो. ट्रॅक्टरकडून त्याला ताकद देणाऱ्या शाफ्टवर एक साधा शिअर बोल्ट असतो. पऱ्हाटीचं जाड बूड नाहीतर दगड पात्यात अडकला की तो बोल्ट तुटतो, चार-पाच रुपयांत काम भागतं. सारखा तुटतो म्हणून वैतागून कोणीतरी त्या जागी हाय-टेन्साइल बोल्ट टाकतो. मग बोल्ट राहतो आणि रोटाव्हेटरचा गेअरबॉक्स उघडावा लागतो. आमच्याकडे कुठल्याही मिस्तरीला विचारा, तो हेच सांगेल, आणि सांगताना थोडा हसेलही.

आपल्या ट्रकमध्ये शिअर बोल्टचं काम स्लिपर क्लच करतो, तोही न तुटता. स्पर आणि मधला शाफ्ट यांच्यामध्ये स्प्रिंगने दाबलेली घर्षणाची चकती असते. ठरावीक टॉर्कच्या वर ती घसरते, दात वाचतात, आणि दात वाचले म्हणजे ब्रेकही राहतो. प्रश्न एवढाच की नट किती घट्ट करायचा. "पाव फेरा सैल" वगैरे सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, ते मोजता येतं. रोजच्या ३ न्यूटन-मीटरच्या दीडपट, म्हणजे साडेचारच्या आसपास तो घसरला पाहिजे. दोघांनी चारही चाकं घट्ट धरायची, स्परला ३० सेंटीमीटरची हलकी पट्टी बोल्टने आडवी बसवायची आणि टोकाला दीड लिटरची भरलेली पाण्याची बाटली टांगायची. ४.४ न्यूटन-मीटर झाले. बाटली हळूहळू खाली गेली तर सेटिंग बरोबर. हलली नाही तर नट सैल करायचा, धाडकन पडली तर आवळायचा. या सेटिंगला स्परच्या दातावर ताण २३ पर्यंतच जातो, म्हणजे २६ च्या आत. आणखी सवड हवी असेल तर दाताची रुंदी ८ वरून १२ करा, ताण एक-तृतीयांशाने उतरेल. मॉड्यूल २ करायचा मोह होतो, पण त्याच जागेत पिनियनला १३-१४ दातच उरतात, आणि १७ च्या खाली गेलं की दाताचं बूड कापताना आतून खाल्लं जातं.

स्टील हवंच आहे, पण डिफरन्शियलमध्ये. तिथला क्राऊन छोटा आणि टॉर्क मोठा. रोजच्या चालीतच त्याच्या दातावर सुमारे १९० न्यूटन येतात. सगळा भार एका ॲक्सलवर आला आणि स्लिपर घसरायच्या बेतात असला, तर ५७० च्या आसपास. तिथे नायलॉनचं काम नाही. मात्र स्टीलचा क्राऊन प्लॅस्टिकच्या लवचिक केसिंगमध्ये बसवला तर अर्धे पैसे पाण्यात. बेव्हल गेअर जोर आला की एकमेकांना दूर ढकलतात, केसिंग फाकतं आणि दात नुसत्या टोकांवर भिडतात. टोकावर भिडलेला दात कितीही कडक असो, तो जाणारच. म्हणून आधी ॲल्युमिनियमचं केसिंग आणि चांगल्या बेअरिंग, मग ०.१-०.२ मिलिमीटरचे शिम घालून ढिलाई काढायची, आणि धातू बदलायचा तो त्यानंतर.

स्पर आपल्या वर्कशॉपमध्येच कापता येतो. डिव्हायडिंग हेडवर ४० भागिले ५४ म्हणजे २७ भोकांच्या वर्तुळात २० भोकं, कटर नंबर ३. पिनियनला दोन पूर्ण फेरे आणि १८ च्या वर्तुळात ४ भोकं, कटर नंबर ६. पिनियनचा प्रत्येक दात स्परच्या तिप्पट वेळा काम करतो, म्हणून त्याला ईएन-२४ घ्या.

बसवताना वहीच्या कागदाची पट्टी दोन्ही गेअरच्या मध्ये घालून मोटर दाबायची, स्क्रू आवळायचे आणि पट्टी फिरवून बाहेर काढायची. ती चुरगळलेली निघावी, फाटलेली नको. पावसाळ्यात नायलॉन ओलावा पिऊन किंचित फुगतं, तेव्हा ही तपासणी पुन्हा करा. ग्रीस डिफच्या आत भरा. उघड्या स्परला अजिबात लावू नका, मैदानाची माती त्यात मिसळून पॉलिश पेपर तयार होतो. आणि स्लिपरची चकती झिजते, त्यामुळे दर रविवारी बाटली टांगायची. बाटली माझ्या रूममध्ये आहे, रिकामी करून परत आणून द्या.