आटे, गंज आणि तेराचा पाना

कोकण किनाऱ्यावर काही पावसाळे काढलेल्या गाडीचा सायलेन्सर उतरवायचा असला, तर जाणता मेकॅनिक आधी पाना शोधत नाही. तारेचा ब्रश शोधतो. नटाबाहेर आलेले बोल्टाचे आटे घासून लख्ख करतो, तेल सोडतो आणि दुसऱ्या गाडीकडे वळतो. गिऱ्हाइकाला वाटतं, हा काम टाळतोय. काम तर तेव्हाच सुरू झालेलं असतं.

गंज नुसता चिकटत नाही, तो फुगतो. लोखंडाचा गंज मूळ धातूच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो, आणि आट्यांमधल्या फटीत ती नसते. म्हणून तो पाचरीसारखा ठासून बसतो. खाऱ्या हवेतले क्लोराइड क्षार हे काम आणखी लवकर उरकतात. बोल्ट पोलादी आणि इंजिन ॲल्युमिनियमचं असेल, तर ओलाव्यामुळे दोन धातूंत रासायनिक झीज होते आणि पांढरी भुकटी आट्यांत भरते.

बोल्ट आवळताना लावलेल्या जोरापैकी ढोबळ मानाने निम्मा डोक्याखालच्या घर्षणात जातो, 40 टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि दहाएक टक्क्यांनीच बोल्ट ताणला जातो. म्हणजे जाम बोल्ट डोक्याखालीही धरून बसलेला असतो. डोक्यावर सरळ दिलेले चार ठोके कामी येतात ते यासाठीच. गंजाचा थर तडकतो, तेलाला वाट मिळते.

तेल कोणतं, यावर गॅरेजगणिक मत वेगळं. कुणी रॉकेल-डिझेलवर भागवतो, कुणी डब्ल्यूडी-40 फवारतो. हे द्रावण 1953 साली अमेरिकेत सॅन दिएगोला तयार झालं, ते पाणी हटवण्यासाठी. ॲटलस क्षेपणास्त्राचं कवच गंजू नये म्हणून ते वापरलं गेलं. आत झिरपणाऱ्या खास तेलाची बरोबरी त्याच्याकडून होईलच असं नाही. तेल कुठलंही असो, त्याला वेळ द्यावा लागतो, आणि गिऱ्हाईक नेमका तेवढाच देत नाही.

मग पाना. फिक्स पाना नटाच्या दोनच बाजू धरतो. बारा कोनांची रिंग कोपऱ्यांवर जोर देते आणि कच्चा नट गोल करून टाकते. सहा कोनांची गोटी सपाट बाजूंवर बसते, म्हणून अडलेल्या नटाला तीच लावावी. बोल्ट जरासा हलला की सरळ सोडवत सुटायचं नाही. पाव फेरा सैल, थोडा परत आत, पुन्हा तेल. दांड्याला पाइप अडकवून लटकणारे बहुतेक बोल्ट इथेच तोडतात.

जुन्या जपानी बाइकची गोष्ट निराळी. 1985 साली भारतात आलेल्या यामाहा आरएक्स 100 च्या इंजिन कव्हरचे फुलीचे स्क्रू दिसतात फिलिप्ससारखे, पण ते जपानी मापाचे. साधा पेचकस त्यांतून वर सरकतो आणि फुली खरवडून निघते. त्यावर हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर हाच उपाय: एकाच ठोक्यात तो टोक आत दाबतो आणि फिरवतोही.

तेल हरलं की गॅस. दहा मिलिमीटर भोकाचा पोलादी नट 400 अंशांनी तापवला, तर भोक जेमतेम 0.05 मिलिमीटरने वाढतं. गंजाची पकड सुटायला तेवढं पुष्कळ. मात्र जवळ पेट्रोलची नळी किंवा रबरी बुश असेल तर ज्योत पेटवायचीच नाही. आणि क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मारलेल्या भागाला तापवलं तर विषारी वायू निघतो. हे गॅरेजमध्ये शिकवलं जात नाही, जायला हवं.

बोल्ट तुटलाच, तर अनेकांचा हात उलट्या आट्यांच्या ईझी-आउटकडे जातो. तो कडक असतो, म्हणूनच ठिसूळही. आत मोडला तर साधं ड्रिल त्याला कापत नाही, आणि तासाभराचं काम दिवसभराचं होतं. बुंधा थोडा वर असेल तर त्याच्यावर नवा नट ठेवून आतून वेल्डिंग भरणं बरं: धरायला डोकं मिळतं आणि उष्णताही नेमकी हवी तिथे पोचते.

ॲल्युमिनियमचे आटेच गेले असतील, तर भोक मोठं करून, टॅप मारून त्यात हेलीकॉइल बसवतात. ही स्टेनलेस तारेची गुंडाळी. मूळ मऊ आट्यांपेक्षा ती बहुधा जास्त टिकते. नव्या बोल्टला तांब्याचं ग्रीस लावण्याची पद्धत चांगली, पण स्पार्क प्लगला ते सरसकट लावू नये. एनजीके कंपनी आपल्या मुलामा दिलेल्या प्लगांना असं ग्रीस लावू नका म्हणते, कारण घर्षण घटलं की त्याच जोरात प्लग प्रमाणाबाहेर आवळला जातो.