कथील, कापड आणि माणसाचा स्वभाव

टायग्रिस नदीकाठच्या अश्शूर शहरात लमस्सी नावाची एक बाई राहायची. नवरा पूशूकेन व्यापारासाठी हजारेक किलोमीटर दूर, आज ज्याला तुर्कस्तान म्हणतात त्या मुलखातल्या कानेश शहरात. लमस्सी घरी कापड विणून घ्यायची, ते त्याच्याकडे विक्रीला पाठवायची आणि सोबत पत्रं लिहायची. एका पत्रात तिने विचारलंय, तुम्ही गेल्यापासून शलीम-अहूमचं घर बांधून झालं, आपल्याला ते कधी जमणार? दुसऱ्या पत्रात ती चिडली आहे. मी पाठवते त्या कापडाला नावं ठेवणारा तुमच्या घरात कोण आहे? प्रत्येक खेपेला चार पैसे घरात यावेत म्हणून मी इथे राबते आहे.

ही पत्रं इसवी सनापूर्वीच्या एकोणिसाव्या शतकातली आहेत, म्हणजे जवळपास चार हजार वर्षांपूर्वीची. बॅबिलोनच्या हम्मुराबी राजाचे कायदे दगडावर कोरले जायला तेव्हा शंभराहून अधिक वर्षं अवकाश होता. तरीही दुसऱ्याचं घर उभं राहिलेलं पाहून लमस्सीच्या पोटात जे कालवलं, ते समजायला आपल्याला एकाही तळटीपेची गरज पडत नाही. इतिहासाने मला दिलेला हा सगळ्यात मोठा अचंबा आहे.

कानेशची जागा तुर्कस्तानातल्या कायसेरी शहराजवळ आहे. तिथल्या टेकाडाला आज कुलतेपे म्हणतात. इसवी सनाच्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या भागातून आलेल्या, अशी पत्रं लिहिलेल्या मातीच्या पाट्या जुन्या वस्तूंच्या बाजारात दिसू लागल्या. त्या नेमक्या निघतात कुठे, हे मात्र अभ्यासकांना कळेना. १९२५ साली चेक संशोधक बेद्रिख ह्रोझनी यांना ती जागा सापडली. पाट्या मुख्य टेकाडाच्या पायथ्याशी पसरलेल्या व्यापाऱ्यांच्या वस्तीत होत्या. १९४८पासून तहसीन ओझगुच यांनी अनेक दशकं तिथे उत्खनन केलं. आतापर्यंत तेवीस हजारांच्या आसपास पाट्या मिळाल्या आहेत आणि २०१५ साली युनेस्कोने त्यांची जागतिक स्मृती नोंदवहीत नोंद केली.

इतक्या जुन्या काळातलं जे लिखाण आपल्यापर्यंत पोहोचतं, त्यात राजांच्या विजयांचा आणि देवळांच्या कोठारांचा भरणा असतो. कुलतेपेच्या बहुतेक पाट्या मात्र व्यापाऱ्यांच्या राहत्या घरांतून निघाल्या. त्यांत उधारी आहे, भागीदारीतली भांडणं आहेत, लग्नाचे करार आहेत, आजारपणं आहेत आणि तगादे आहेत. हे व्यापारी त्यांच्या कीलाकार लिपीतली शे-दीडशे चिन्हं वापरून काम भागवत, त्यामुळे लेखनिकाशिवाय लिहिता-वाचता येणारे बरेच जण होते. बायकाही त्यात होत्या. तळहातावर मावेल अशा ओल्या पाटीवर बोरूने दाबून मजकूर लिहायचा, पाटी वाळली की तिच्यावर मातीचंच पातळ पाकीट चढवायचं आणि त्या पाकिटावर आपली दंडगोल मुद्रा फिरवायची. मजकूर पाटीवर मावला नाही, तर छोटी पुरवणी पाटी करून त्याच पाकिटात घालायची.

धंदा सरळ होता. पूर्वेकडून अश्शूरला कथील येई. तांब्यात ते मिसळल्याशिवाय कासं होत नाही, त्यामुळे अनातोलियात, म्हणजे कानेशच्या मुलखात, त्याला मोठी मागणी. एका गाढवावर साधारण ६५ किलो कथील आणि वर काही कापड लादलं, की तांडा निघाला. वाटेत सहाएक आठवडे जात. अश्शूरला कथलाचा जो भाव असे, त्याच्या सुमारे दुप्पट भाव कानेशला मिळे. मालाच्या बदल्यात चांदी-सोनं यायचं. परतीचं ओझं एवढं हलकं, की बरीचशी गाढवंसुद्धा तिथेच विकून टाकत.

आता या धंद्यात किती ठिकाणी विश्वासाला तडा जाऊ शकतो ते पाहा. तांडेवाला माल काढून घेईल. भागीदार घेतलेलं कर्ज नाकारेल. गुंतवणूकदार घाबरून मध्येच पैसे मागेल. परमुलखात एकटा पडलेला नवरा दुसरं लग्न करील. माणसाचा स्वभाव हे सगळं करू शकतो, हे कानेशच्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून प्रत्येक शक्यतेसाठी त्यांनी एक व्यवस्था उभी केली.

मालाच्या गाठोड्यांवर मुद्रा असत आणि गाठोडी पोचली की मुद्रा शाबूत आहेत का ते तपासलं जाई. कर्जाचा करार दोनदा लिहीत, एकदा आतल्या पाटीवर आणि पुन्हा पाकिटावर. पाकिटावर ऋणकोची आणि साक्षीदारांची मुद्रा उमटे. बाहेरच्या मजकुरावर कुणी शंका घेतली, तर पाकीट फोडून आतला मजकूर पाहता येई, कारण बंद पाकिटातल्या पाटीला कुणाचा हात लागणं शक्यच नव्हतं. मातीच्या दोन थरांत बसवलेली ही युक्ती पाहून मन थक्क होतं.

मोठ्या भांडवलासाठी याहून धाडसी सोय होती. अनेक जण मिळून एका व्यापाऱ्याच्या हाती सोनं देत. या भांडवलाला ते नाव देत ‘थैली’. मुदत असे बारा वर्षांच्या आसपास आणि नफ्याची वाटणी आधीच ठरलेली. मुदतीआधी कुणी अंग काढून घेतलं, तर त्याला नफ्यावर पाणी सोडावं लागे. बाजार पडला की माणूस बिथरतो आणि सगळे एकदम पैसे काढायला धावतात, हे ओळखूनच ती अट घातलेली दिसते. आजच्या मुदत ठेवीतसुद्धा मुदतीपूर्वी पैसे काढणाऱ्याचं व्याज कापतातच.

लग्नाचंही तसंच. लकीपूम नावाच्या अश्शूरी व्यापाऱ्याने अनातोलियातल्या हतालाशी लग्न केलं, त्याचा करार उपलब्ध आहे. या मुलखात असताना त्याने दुसरी बायको करायची नाही, अशी त्यात अट आहे. काडीमोड त्याने घेतला तरी आणि तिने घेतला तरी दंड सारखाच, पाच मिना चांदी. आजच्या मापात ती साधारण अडीच किलो होते. नवरा-बायकोच्या भांडणात दोघांनाही एकाच मापाने तोलणारा हा करार चार हजार वर्षांपूर्वीचा आहे, हे मी पुन्हा पुन्हा वाचतो आणि दर वेळी तितकंच नवल वाटतं.

मला यातून मिळालेला धडा असा. आपण स्वतःला सुधारायला निघतो तेव्हा बहुधा निश्चयावर भिस्त ठेवतो. उद्यापासून लोभ करणार नाही, घाबरणार नाही, तुलना करणार नाही. कानेशचे व्यापारी निश्चयाच्या भरवशावर राहिले नाहीत. लोभ येणार, भीती वाटणार, शब्द फिरवला जाणार, हे ते धरूनच चालले आणि मोह पडायच्या आधी, डोकं शांत असताना, त्यांनी करार करून ठेवले. आपल्या कमजोरीची अशी आगाऊ दखल घेणं हा शहाणपणाचा फार जुना आणि फार उपयोगी प्रकार आहे.

व्यवस्थेतून वाटा काढणारेही होतेच. कानेशच्या राजवाड्याची जकात चुकवण्यासाठी काही व्यापारी आडवाटेने माल नेत. पत्रांत तिला ‘चिंचोळी वाट’ म्हटलंय. एका पत्रात सावध केलंय की चोरटा माल पकडला गेला आहे, ज्याच्याकडे तो निघाला होता त्याला राजवाड्याने तुरुंगात टाकलं आहे, राणीने आजूबाजूच्या नगरांना निरोप धाडून पहारे बसवले आहेत, तेव्हा कृपा करून काही चोरून आणू नका. तुरुंगात पडलेल्याचं नाव आहे पूशूकेन. लमस्सीच्या नवऱ्याचंही नाव हेच आणि तो तोच असल्याचं अभ्यासक मानतात. घर कधी बांधणार या प्रश्नाचं ओझं त्याच्या डोक्यावर किती होतं, हे पाट्या सांगत नाहीत. पण दोन्ही पत्रं एकापाठोपाठ वाचली की हप्ते आणि शेजारी या दोहोंचा ताण सोसणारी आजची कितीतरी घरं डोळ्यांपुढे येतात.

आणि एक गोष्ट अशी, जिच्यावर करार लिहिण्याची कुणालाच सोय नाही. इम्दी-इलूम हा बडा व्यापारी. घरच्या दोन बायकांनी, तराम-कूबी आणि शीमत-अश्शूर यांनी, अश्शूरहून त्याला पत्र धाडलं. त्यांनी स्वप्नांचा अर्थ सांगणाऱ्या बायकांना विचारलं होतं, शकुन पाहिले होते, मृतात्म्यांनाही कौल लावला होता. सगळीकडून एकच इशारा मिळत होता. तुझं पैशावर प्रेम आहे आणि स्वतःच्या जिवाचा तुला तिटकारा आहे, असं त्यांनी त्याला सरळ लिहिलं आणि घरी येऊन देवाचं दर्शन घे, अशी गळ घातली.

चोरीवर मुद्रा चालते, नकारावर साक्षीदार चालतो, घाबरटपणावर दंड चालतो. पण जो माणूस कायद्यात राहून, हिशेब चोख ठेवून, कमाईच्या पायी स्वतःचंच आयुष्य खर्ची घालतो, त्याला अडवायला कुठलंही कलम नाही. तिथे उपयोगी पडतं ते फक्त जवळचं माणूस, जे वाईटपणा घेऊन सांगायला धजतं. कानेशच्या हुशार लोकांनी व्यापाराचं जवळपास सगळं कोडं सोडवलं होतं, तरी हे काम त्यांनाही बहिणी-बायकांवरच सोडावं लागलं. म्हणून भविष्याची तरतूद करताना ठेवी आणि विमा यांच्या जोडीने असं एखादं माणूस आपल्याजवळ आहे ना, आणि त्याचं बोलणं ऐकून घेण्याची सवय आपल्याला आहे ना, हेही पाहायला हवं. चार हजार वर्षांत या तरतुदीला पर्याय सापडलेला नाही.