बोली लावणारे किती?

कांद्याचा भाव मागणी-पुरवठ्यावर ठरतो, हे अर्धंच उत्तर आहे. लासलगावच्या बाजार समितीत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा लागतात, व्यापारी कांदा हातात घेऊन पत्ती, आकार, ओल पाहतात आणि क्विंटलमागे बोली चढते. विकणारे हजारो, मोठा माल उचलण्याइतकं भांडवल, गोदाम आणि परराज्यातली गिऱ्हाइकं असलेले मोजकेच. अशा बाजारात भाव दाबायला संगनमत लागतंच असं नाही. रोज समोरासमोर उभे राहणारे एकमेकांची बोली ओळखून असतात.

कांदा नाशवंत आहे, आवक वाढली की भाव पडणारच, असा आक्षेप घेतला जातो. तो खरा आहे. पण त्यातून भाव का पडला एवढंच कळतं. किती पडला आणि ती झळ कोणी सोसली, हे नाही. खरिपाचा लाल कांदा टिकत नाही, त्यामुळे भरलेली ट्रॉली माघारी नेणं शेतकऱ्याला परवडत नाही. उन्हाळ कांदा साठवणुकीच्या चाळीत काही महिने राहतो, तेव्हा तोच शेतकरी पडेल भावाला नाही म्हणू शकतो. राहिला प्रश्न बोली लावणाऱ्यांच्या संख्येचा. २०१६ मध्ये राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला, ते योग्यच होतं. मात्र परवान्याची अट सुटली म्हणून नवे खरेदीदार भांडवल आणि गोदामं घेऊन लगेच उभे राहत नाहीत. तोवर शेतकऱ्याच्या बांधावरची चाळ मला अधिक तातडीची वाटते.