स्नायूंची जोडी

मनुष्याच्या शरीरात हाडे हलविणारे स्नायू सहाशेंहून अधिक असून शरीराच्या वजनाचा सुमारे ४० टक्के भाग त्यांचाच असतो. परंतु या बलवान मंडळींना एकच काम येते, ते म्हणजे आखडून ओढणे. ढकलणे कोणत्याही स्नायूला जमत नाही. मग वाकविलेला हात पुन्हा सरळ होतो कसा?

ताक घुसळताना रवीच्या दोरीचे एक टोक ओढले की दुसरे सैल सोडावे लागते. दोन्ही एकदम ओढली तर रवी अडून बसते. हाताचेही तसेच आहे. मुले दंडाची बेटकुळी काढून दाखवितात, तो पुढचा द्विशिर स्नायू. मागचा तो त्रिशिर. पुढचा आखडला की कोपर वाकते, मागचा आखडला की सरळ होते. त्या वेळी जोडीदाराने ढिले पडावे, ही व्यवस्था मज्जारज्जू पाहतो.

स्नायू आखडतो म्हणजे काय होते? दोन्ही हातांची बोटे एकमेकांत घालून आत सरकवून पाहावे. बोटांची लांबी तीच राहते, पण हात जवळ येतात. स्नायूंतील जाड व बारीक तंतू असेच एकमेकांत सरकतात, असे १९५४ साली अँड्र्यू हक्सले व ह्यू हक्सले यांनी आपापल्या सहकाऱ्यांसह, स्वतंत्रपणे मांडले. दोघांचे आडनाव एक, पण नाते काही नव्हते.

आपल्या बालाघाटकडे धानाच्या रोवणीत कंबर का भरून येते, तेही यावरून कळेल. वाकलेले धड पुढे कोसळू नये म्हणून पाठीचे स्नायू तासन् तास ताणलेले राहतात. म्हणून रोवणी करणाऱ्या भगिनींनी मधून मधून उभे राहून कंबर हळूच मागे न्यावी.

पक्षाघातात मात्र ही जोडीच बिघडते. पुष्कळदा वाकविणारे स्नायू वरचढ होतात, हात छातीशी दुमडतो आणि बोटे मुठीत जातात. तो तसाच आठवडेच्या आठवडे राहिला तर स्नायू कायमचे आखूड होऊन सांधा उघडेनासा होतो. यासाठी डॉक्टरांकडून रीत समजून घेऊन घरच्यांनी तो हात रोज सावकाश, झटका न देता, सरळ करावा. रुग्णाला उठविताना दुबळा हात धरून ओढू नये, कारण खांदा निखळण्याची भीती असते. औषध डॉक्टर देतील. परंतु रोजचे हे काम घरच्या माणसांनाच करावे लागते.